उभी केलीस तर तुझी

माझी आत्या साठ वर्षांची आहे आणि घरात तिला अजून बेबी म्हणतात. बस डेपोच्या कार्यशाळेत तिने एकतीस वर्षं काढली. त्यातली बावीस पंप विभागात, जिथे कुठल्या इंजिनाला किती डिझेल जायचं ते ठरतं. शेवटची सहा वर्षं ती त्या विभागाची प्रमुख होती. हाताखालचे लोक तिला मॅडम म्हणायचे आणि तिने नापास केलेला पंप पुन्हा तिच्यासमोर ठेवायची कुणाची छाती नव्हती. आणि हीच बाई थोरल्या भावाच्या दारात चपला काढते न काढते तोच आतून आवाज येतो, "बेबी आली वाटतं. चहा टाक गं, तुझ्या हातचा बरा होतो." मला या वाक्याचा राग येतो. पुढचं सगळंही मी रागातच लिहिते आहे, तेव्हा माझ्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा ठेवू नका. मी शाळेत गणित शिकवते. तिथे दिवसभर निःपक्षपाती असते, तेवढं पुरे.

हा थोरला भाऊ म्हणजे माझे काका. माझे बाबा या दोघांच्या मधले, आणि आयुष्यभर मधल्यासारखेच वागत आले आहेत. कुणाच्या बाजूने बोलायची वेळ आली की त्यांना नेमकी बाथरूमला जायची आठवण होते. त्यामुळे त्यांना इथेच सोडून देऊ.

भांडण झालं ते आजोबांच्या मोटरसायकलवरून. दोन सिलिंडरची, दोन कार्बोरेटरची, काळ्या रंगाची ती गाडी एके काळी आमच्या सगळ्या गल्लीला ऐकू यायची. आजोबा ती स्वतः चालवायचे आणि काकांना चालवायला द्यायचे. आत्याला फक्त पुसायला द्यायचे. पुसता पुसता ती उघडायला शिकली, उघडता उघडता जोडायला. अकराव्या वर्षी ती कार्बोरेटरचं खालचं भांडं काढून धुवायची. सतराव्या वर्षी गाडीच्या आवाजावरून सांगायची की डावीकडे पेट्रोल जास्त जातंय. आजोबा म्हणायचे, पोरीचा हात चांगला आहे. मग किल्ली काकांच्या हातात द्यायचे.

आजोबा गेल्यावर गाडीचे कागद काकांच्या नावावर झाले आणि गाडी त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. चौदा वर्षं ती तिथे होती. तिच्या सीटवर रंगाचे डबे, टाकीवर फाटकी गादी आणि हँडलला काकूने वाळत टाकलेली पायपुसणी. सायलेन्सरमध्ये उंदरांचा सुखाचा संसार. शेवटी काकांनी भंगारवाल्याला बोलावलं. आत्या त्या दिवशी जेवायला आली होती. तिने भंगारवाल्याला दारातूनच परत पाठवलं आणि ताटावर बसली. काका हसले. आम्ही सात जण जेवत होतो, आणि काका सात जणांसमोर म्हणाले, "एवढं प्रेम आहे तर ने. उभी केलीस तर तुझी."

मी तिथे होते. भात वाढून घेत होते. मी ते वाक्य ऐकलं, काकूने ऐकलं, काकांच्या मुलाने ऐकलं. बाबा उठून हात धुवायला गेले, पण ऐकलं त्यांनीही.

आत्या तेव्हा नुकतीच निवृत्त झाली होती. तिने टेम्पो करून ती गाडी आपल्या घरी आणली, बैठकीच्या खोलीतला सोफा शेजाऱ्यांना देऊन टाकला आणि त्या जागी जुनी सतरंजी अंथरून गाडी ठेवली. पाहुणे आले की स्वयंपाकघरात बसायचे. एकटीचं घर, विचारणार कोण! पुढची दोन वर्षं मी दर शनिवारी दुपारी तिच्याकडे जायचे. वह्या तपासायला म्हणून जायचे, पण निम्मा वेळ टॉर्च धरण्यातच जायचा.

बाकीची गाडी उभी राहिली ती मेहनतीने. गंज काढायला, चाकं सरळ करायला, वायरिंग नव्याने ओढायला अंगात चिकाटी असली की भागतं. कार्बोरेटरचं तसं नाही. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाचं स्वयंपाकघर. हवा आणि पेट्रोल योग्य मापात कालवायचं आणि आत पाठवायचं. आमच्या गाडीला दोन सिलिंडर, म्हणून दोन स्वयंपाकघरं. दोन्हीकडून एकाच वेळी, सारखंच वाढलं गेलं पाहिजे. एकाला पोटभर आणि दुसऱ्याला अर्धपोटी ठेवलं, तर गाडी चालते, पण पोटभर खाणारा दोघांचं काम ओढतो, तापतो आणि एक दिवस बसतो. हे मला आत्याने समजावलं. मग म्हणाली, "आपल्या घरासारखंच," आणि पुन्हा मान खाली घालून कामाला लागली.

तिने दोन्ही कार्बोरेटर टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडले. डावीकडचे भाग डाव्या ताटलीत, उजवीकडचे उजव्या. इकडचा स्क्रू तिकडे जाता कामा नये, दिसायला अगदी जुळे असले तरी. पेट्रोल सुटतं ती पितळेची बारीक तोंडं, त्यांना जेट म्हणतात, ती चौदा वर्षांत वाळलेल्या पेट्रोलने बुजली होती. मी सुई पुढे केली तर तिने माझ्या हातावर चापट मारली. सुईने भोक केसभर जरी मोठं झालं तरी माप कायमचं बिघडतं. जेट दोन दिवस भिजत ठेवायचा, टूथब्रशचा एक केस घालून हळूच मोकळा करायचा आणि उजेडात धरून बघायचा, भोकातून गोल उजेड येतो का. एकेका जेटला तिने एकेक दुपार घालवली. आत वरखाली होणारी डावीकडची झडप झिजली होती. तिच्या जोडीची मिळवायला तिने अकरा दुकानं पालथी घातली. शेवटी मिळाली ती डेपोतल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या माळ्यावर.

मग दोन्ही झडपा एकाच क्षणी उचलल्या जाव्यात म्हणून तिने सायकलच्या स्पोकचे दोन सारखे तुकडे कापले, एकेका झडपेखाली एकेक सरकवला आणि मला एक्सलरेटर हळूहळू पिळायला सांगितला. दोन्ही तुकडे एकदम सुटून पडायला हवेत. पहिल्या दिवशी उजवा आधी पडला. तिने केबलची चावी पाव वळसा फिरवली. डावा आधी पडला. पाऊण तास आम्ही दोघी काड्या पाडत बसलो होतो. वरच्या मजल्यावरची बाई खाली येऊन विचारून गेली, काय खेळताय म्हणून.

आणि मग नळी. गाडी चालू करून, हवेची जाळी काढून, आत्या हातभर रबरी नळीचं एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायची आणि दुसरं आपल्या उजव्या कानाशी. आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा हिस्स असा आवाज येतो. तो ऐकायचा, मग उठून गाडीच्या दुसऱ्या बाजूला जायचं, तीच नळी दुसऱ्या कार्बोरेटरला लावायची, परत उजव्याच कानाशी. दोन्ही हिस्स सारखे येईपर्यंत स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे. वाकून वाकून तिची कंबर धरायची. मी म्हटलं, "आत्या, दोन नळ्या घे, दोन कानांना लाव, बसल्या जागी होईल." ती हसत सुटली. म्हणाली, "केलंय ते. एकोणिसाव्या वर्षी केलंय."

तेव्हा तिने दोन नळ्या दोन कानांना लावून आजोबांची गाडी ट्यून केली होती. दोन्हीकडे आवाज अगदी सारखा. गाडी मात्र दुसऱ्याच दिवशी तापली आणि आजोबांनी आठवडाभर गाडीला हात लावू दिला नाही. लहानपणी आत्याचा डावा कान फुटला होता, तो थोडा कमी ऐकतो, हे तिला तेव्हा कळलं. डावा कान कमी ऐकायचा, म्हणून तिने डावीकडची हवा वाढवून ठेवली होती. "तेव्हापासून ठरवलं," ती म्हणाली, "मोजायचं दोन ठिकाणी, पण माप एकच. एक नळी, एक कान." डेपोत तिने हाताखालच्या प्रत्येकाला हे शिकवलं. मीसुद्धा आता वर्गात शिकवते.

गाडी ट्यून झाली त्या दिवशी तिने हँडलवरचा हात काढला आणि गाडी आपली आपण चालत राहिली. शांत, एका लयीत, दोन्ही बाजूंनी सारखा धूर. खरं तर धूर नव्हताच. आत्याने टाकीवर पाण्याने भरलेला पेला ठेवला. पाण्यावर नुसती बारीक थरथर. मी रडले. ती म्हणाली, "रडतेस काय, खिडकी उघड, गुदमरून मरू."

इथपर्यंत सगळं छान आहे. इथून पुढे माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

काकांचा मुलगा बत्तीस वर्षांचा आहे. मी त्याला चिरंजीव म्हणते, त्याच्या तोंडावरही म्हणते, त्याला तो मान वाटतो. दोन वर्षांत हा एकदाही फिरकला नव्हता. गाडी चालू झाल्याचं कळल्यावर दुसऱ्याच सकाळी हजर. गाडीवर बसला, गॉगल लावला, मला मोबाइल देऊन व्हिडिओ काढायला सांगितला. मूर्खासारखी मी तो काढलासुद्धा. संध्याकाळी तो व्हिडिओ सगळ्या जगाने पाहिला, खाली मजकूर: आजोबांची गाडी, नातवाने पुन्हा जिवंत केली. नातवाने! ज्याला सायकलची चेन बसवायला माणूस लागतो, त्या नातवाने! हजारभर लोकांनी त्याचं कौतुक केलं. त्यात आमची काकूही होती.

पुढच्या रविवारी काका स्वतः आले. आत्याने लाडू, चिवडा असलं काही न करता सरळ चहा दिला. काकांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टाकीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "छान केलंस हो बेबी. बाबा असते तर खूश झाले असते. आता न्यायला माणूस पाठवतो."

"कुठे न्यायला?" आत्याने विचारलं.

"घरी. शेड साफ करून घेतलीय. पोराला हौस आहे, चालवेल. तू काय या वयात मोटरसायकल चालवणार? लोक हसतील."

"दादा, तू म्हणाला होतास. उभी केलीस तर तुझी."

"अगं, ते बोलण्याच्या ओघात. तुझं-माझं काय आहे त्यात? घरची वस्तू घरात राहील. आणि कागद तर माझ्याच नावावर आहेत."

मला वाटलं, आता ही पेटणार. पंप विभागात चाळीस पुरुषांना सरळ करणारी बाई! पण आत्या गप्प. तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी उभी. काकांनी किल्ली खिळ्यावरून स्वतःच उचलली. दुपारी दोन माणसं आली आणि गाडी घेऊन गेली. बैठकीत सतरंजीवर दोन चाकांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. मी त्या रात्री जेवले नाही. आत्या जेवली, आणि मला तिचाही राग आला. मी तिला वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुझ्यासारख्या बायका आहेत म्हणून असले भाऊ आहेत. ती एवढंच म्हणाली, "सख्ख्या भावाशी एका गाडीवरून भांडू?" मी म्हटलं, "तो बहिणीशी भांडलाच की! तू फक्त हरलीस." ते बोलायला नको होतं, पण बोलले.

तीन आठवडे गेले. मग एका शुक्रवारी काकांचा फोन. गाडी नीट चालत नाहीये. रविवारी शहरातल्या जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, चिरंजीवांचं नाव दिलंय, उद्या क्लबचे लोक बघायला येणार आहेत. "जरा येऊन कान लावून जा गं. पाच मिनिटांचं तर काम." दोन वर्षांचं काम, आणि म्हणे पाच मिनिटांचं!

मी म्हटलं, जाऊ नकोस. आत्या म्हणाली, "डावीकडचा सिलिंडर तापत असेल. बिचारा बसेल." बिचारा! सिलिंडर बिचारा! शनिवारी मी भांडायच्या तयारीने तिच्याबरोबर गेले.

झालं होतं असं. चिरंजीवांना नळी-बिळी मागासलेली वाटली. म्हणून मेळाव्याआधी चालती गाडी पुन्हा ट्यून करायला त्यांनी कुठून तरी एक तज्ज्ञ बोलावला होता. तोही त्या दिवशी अंगणात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात पेटी. अगदी उंटावरचा शहाणा. पेटीत दोन गोल मीटर, घड्याळासारखे. एक मीटर डाव्या कार्बोरेटरला जोडायचा, एक उजव्याला, आणि हवा किती ओढली जाते ते काटे दाखवतात. दोन्ही काटे सारखे आले की काम झालं. काटे अगदी सारखे होते. आणि गाडी खोकत होती, फटफट आवाज काढत होती, डावा सायलेन्सर तापून निळा पडला होता.

"मीटर खोटं बोलत नाहीत," तज्ज्ञ म्हणाला. "इंजिनाचंच काम नीट झालेलं नाही. घरगुती कामात हे होतंच."

नाचता येईना, म्हणे अंगण वाकडं. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्याने माझा दंड दाबला. क्लबचे चार लोक खुर्च्यांवर बसले होते. चिरंजीवांनी त्यांच्याशी आत्याची ओळख करून दिली. "ही माझी आत्या. तिलाही गाड्यांची थोडी आवड आहे. काम करताना कधीमधी मदत करायची मला."

थोडी आवड. कधीमधी. मदत. मी हे तीन शब्द एका दमात ऐकले आणि माझ्या हातात काही असतं तर मी फेकलं असतं. खुर्चीतला एक जण कौतुकाने म्हणाला, "वा, या वयात!" आणि काका, ज्यांना सगळं माहीत होतं, ज्यांनी सात जणांसमोर शब्द दिला होता, ते काका दाराच्या चौकटीला टेकून म्हणाले, "बेबी, आधी सगळ्यांना चहा टाकतेस का? मग बघ सावकाश."

आत्याने चहा टाकला नाही. ती न ऐकल्यासारखं करून गाडीपाशी गेली. तज्ज्ञाला म्हणाली, "तुमचे दोन्ही मीटर एकाच सिलिंडरला लावून पाहिलेत का?"

"म्हणजे?"

"आधी हा लावायचा, मग काढून त्याच जागी तो. दोघं सारखंच सांगतात का ते बघायचं."

त्याने पाहिलं नव्हतं. पेटीतून काढले आणि लावले, इतका विश्वास! आत्याने गाडी चालू केली. उजव्या बाजूला पहिला मीटर लावला, काटा कुठे आला ते बोटाने दाखवलं. तो काढून त्याच जागी दुसरा लावला. काटा दोन खुणा खाली. गाडी तीच, सिलिंडर तोच, हवा तीच. मीटर दोन, म्हणून उत्तरं दोन. या दोन मापांना सारखं दाखवायला लावून या शहाण्याने दोन्ही सिलिंडर वेगळे करून ठेवले होते. आत्याने एकोणिसाव्या वर्षी केलेली चूक यांनी पेटीसकट केली होती. तज्ज्ञ म्हणाला, कंपनीने मीटर सदोष दिलेत. क्लबचा मघाचा माणूस खुर्चीतून उठून जवळ आला.

मग आत्याने पदर खोचला, नळी काढली आणि वाकली. अर्धा तास लागला. आधी केबल, मग स्क्रू, मग नळी इकडे, नळी तिकडे. हळूहळू खोकला थांबला, फटफट थांबली, आणि ती लय परत आली, जी मी शनिवारच्या दुपारी ऐकली होती. चिरंजीवांनी टाळ्या वाजवल्या. काका पुढे आले. "बघा, म्हटलं नव्हतं पाच मिनिटांचं काम! चल बेबी, आता हात धू."

आत्या सरळ उभी राहिली. कंबरेला हात लावला. हात धुतले नाहीत, पदराला पुसले. मग ती गाडीवर बसली. मी तिला गाडीवर बसलेलं पूर्वी पाहिलं होतं, पण ते उभ्या गाडीवर, तपासायला. आता तिने गाडी स्टँडवरून काढली.

"काय करतेस?" काका म्हणाले.

"उभी केली तर माझी, म्हणाला होतास. एकदा केली. आज परत केली."

"अगं, लोक आहेत. कागद माझ्या नावावर आहेत, सांगितलं ना तुला."

"राहू देत की. उद्या मेळाव्याला कागदावर बसून जा."

आणि गेली. अंगणातून, फाटकातून, डावीकडे वळून, माझ्या डोळ्यांसमोरून. पदर मात्र चाकात येऊ नये म्हणून नीट खोचलेला. चिरंजीव फाटकापर्यंत धावले. धावून काय उपयोग, गाडी ट्यून झाली होती! काकू आतून ट्रे घेऊन बाहेर आली, पाच कप चहा. पहिला कप तिने मला दिला. मी तो उभ्या उभ्या प्यायले. आयुष्यात इतका गोड चहा प्यायले नसेन. साखर जास्तच होती म्हणा.

मला वाटलं, झालं, संपलं. कसलं संपतंय! काकांचे फोन सुरू झाले. आधी समजावणं, मग धमकी. चोरीची तक्रार देतो म्हणाले. सख्ख्या बहिणीवर! जिने त्यांच्या आजारपणात दवाखान्यात नऊ दिवस काढले, तिच्यावर! आत्या दर वेळी म्हणायची, "दे," आणि फोन ठेवायची. नातेवाइकांनी सल्ले दिले. सगळे सल्ले तिलाच होते. मोठं मन कर, सोडून दे, शोभतं का. दिलेला शब्द पाळ, हा सल्ला काकांना एकानेही दिला नाही. मी विचारलं तर म्हणाले, तू लहान आहेस. मी चाळीस वर्षांची आहे.

आत्या रोज सकाळी गाडी काढायची. कपाटातून डेपोची जुनी पँट काढली होती, हेल्मेट नवं घेतलं होतं, परवाना होताच. कागद नव्हते. मला त्याची धाकधूक वाटायची आणि ती खरी ठरली. एका रविवारी मी मागे बसले होते. नदीवरचा पूल ओलांडल्यावर पोलिसाने हात केला. तरुण होता, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. आधी त्याने गाडीचं कौतुक केलं. मग विचारलं, "गाडी कुणाची?"

"माझी," आत्या म्हणाली.

"कागद?"

"भावाकडे आहेत. त्याच्याच नावावर आहेत."

"मग तुमची कशी?"

 दोन वर्षांचं काम आत्या त्याला रस्त्याच्या कडेला उभं राहून कसं सांगणार? मी सांगायला लागले, जेटपासून, पण त्याने मला हाताने थांबवलं. भावाचा नंबर मागितला आणि फोन लावला. रस्त्यावर गोंगाट होता म्हणून स्पीकर मोठा केला. आधी आपण कोण ते सांगितलं, गाडीचा नंबर सांगितला, मग म्हणाला, "एक बाई ही गाडी चालवतायत. गाडी चोरीची आहे का? तसं असेल तर गाडी आणि बाई दोघांना ठाण्यात न्यावं लागेल."

पलीकडे शांतता. इतकी की मला वाटलं, फोन तुटला. काकांना एकच शब्द बोलायचा होता. हो म्हटलं असतं तर महिनाभराच्या धमक्या खऱ्या झाल्या असत्या आणि गाडी घरी आली असती. मागे काकूचा आवाज आला. तिने काय म्हटलं ते कळलं नाही, पण चढ्या आवाजात म्हटलं. काकू या घरात आल्याला चौतीस वर्षं झाली, तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"हॅलो?" पोलीस म्हणाला. "गाडी कुणाची?"

"तिची," काका म्हणाले.

"तुमच्या नावावर दिसतेय."

"नावावर माझ्या आहे. गाडी तिची आहे. मीच दिली होती."

पोलिसाने मान हलवली आणि फोन बंद करायला बोट नेलं. आत्याने त्याचा हात धरला. पोलिसाचा हात! म्हणाली, "थांबा. पुन्हा एकदा विचारा."

"अहो, सांगितलं ना त्यांनी."

"विचारा हो. माझ्यासाठी विचारा."

त्याने विचारलं. काकांनी पुन्हा सांगितलं, या वेळी जरा मोठ्याने. आत्याने हेल्मेटची काच खाली ओढली. काचेआड ती रडत होती, हे मला तिच्या खांद्यांवरून कळलं. कागद महिन्याभरात नावावर करून घ्या, असं बजावून पोलिसाने आम्हाला सोडलं. पुढच्या आठवड्यात काका स्वतः सह्या करून कागद देऊन गेले, दारातूनच.

सगळे म्हणतात, शेवट गोड झाला, आता तरी राग सोड. मी नाही सोडणार. सात जणांसमोर दिलेला शब्द या माणसाला बहिणीच्या तोंडावर पाळता आला नाही, त्यासाठी रस्त्यावरचा पोलीस लागला. आत्याने मात्र त्यांना माफ केलंय. काल त्यांच्या स्कूटरचा कार्बोरेटर धुवून दिला.